वाटा नसलेल्याचा घास

मय्यतीचे चाळीस दिवस उलटले की गोष्ट तलाठ्याकडे जाते. तोपर्यंत घरात कुणी जमिनीचा विषय काढत नाही. काढला तर लोक नावे ठेवतात. मग वारसांची यादी होते, फेरफाराचा अर्ज होतो आणि त्या यादीत एखादे नाव नसते. या लेखात मला त्या नसलेल्या नावाबद्दल बोलायचे आहे. मय्यत माणसाच्या मिळकतीत ज्याला वाटा नाही, पण ज्याचे पोट त्याच मिळकतीवर चालत होते, त्याचे काय?

गोंदिया जिल्ह्यातले एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतले आहे, पण तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या वाचकांना ते ओळखीचे वाटेल. दादांच्या नावे आठ एकर धानाची शेती. तीन मुलगे, एक मुलगी. थोरला वीस वर्षे त्याच बांध्यांत राबला. पऱ्हे टाकली, रोवणी केली, बोअर मारताना रात्री जागला, धान राइस मिलवर पोचवले. सातबारा मात्र दादांच्या नावे. बाप हयात असताना आपले नाव लावायला सांगणे म्हणजे बेअदबी. हा थोरला बापाच्या आधी गेला. मागे बायको आणि एक शाळकरी मुलगा. दोन वर्षांनी दादाही गेले.

आता हिशेब करू. दादीला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सात एकरांचे पाच भाग: दोन्ही चाचांना २.८ एकर, फुफीला १.४ एकर. यतीम नातू महजूब, त्याला काही नाही. थोरला जिवंत असता तर सात एकरांचे सात भाग झाले असते, मुलांना दोन-दोन, मुलीला एक. म्हणजे त्याच्या वाट्याचे दोन एकर त्याच्या भावंडांत विरघळले. त्या दोन एकरांत त्याचा घाम किती होता, हे कुठल्याही कागदावर नाही.

जवळचा वारस दूरच्याला दूर सारतो, हा नियम मनमानी नाही. नातवाने आपल्या बापाची मिळकत घ्यावी, आजोबांची त्यांच्या मुलांनी घ्यावी, असा त्यामागचा विचार आहे. पण बापाची मिळकत म्हणावी तर काय? एक जुनी मोटरसायकल. बेवेचा मेहर हे नवऱ्याच्या मिळकतीवरचे कर्ज आहे, ते वाटणीआधी फेडायचे असते. मेहरपोटी ताब्यात आलेली मिळकत रक्कम मिळेपर्यंत बेवेला राखून ठेवता येते, हे मैना बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले. पण राखून ठेवायला नवऱ्याच्या नावे काही असावे तर लागते ना! सासऱ्याची जमीन मुलाच्या मेहरला बांधील नाही. शरीयत मुलाला बापाच्या हयातीत त्याच्या मिळकतीत जन्मजात हक्क देत नाही, आणि आपण तर एका चुलीवर, एका बांधीत, एकत्र कुटुंबासारखे जगतो. राहणी एकत्र आणि वाटणी वेगळी. ह्या फटीत ती बेवा आणि ते पोर पडते.

त्याच वर्गात शेजारी बसणाऱ्या हिंदू मुलाचे असे होत नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने आधी वारलेल्या मुलाचा मुलगा पहिल्या वर्गातला वारस आहे. त्याच वर्षीच्या पोटगीच्या कायद्याने मृताच्या आश्रितांचे पोट त्याच्या मिळकतीवर टाकले, त्यात विधवा सूनही आली. आपले पोर हे बघते आणि विचारते, तेव्हा त्याला काय सांगणार?

चाचा म्हणतात, "आम्ही काय करणार, शरीयतच आहे." बरे. मग फुफीच्या १.४ एकराचे काय होते? तिला बोलावून, ईदीची साडी देऊन, हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेतली जाते. तिथे कुणाला शरीयत आठवत नाही. पुतण्याला वगळताना शरीयत आणि बहिणीला वगळताना गावची रीत! मला राग येतो तो नियमाचा नाही, ह्या सोयीचा.

आणि शरीयत तेवढीच आहे का? सूरह निसामध्ये वाट्यांचे आकडे अकराव्या आयतीपासून सुरू होतात. त्याआधीची आठवी आयत सांगते की वाटणीच्या वेळी नातलग, यतीम, गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला. नववी विचारते, तुम्ही स्वतः मागे दुबळी मुले ठेवून गेलात तर तुमच्या जिवाला काय वाटेल? दहावी यतीमांचा माल खाणाऱ्यांबद्दल आहे. आपण आकडे तोंडपाठ केले आणि त्याआधीची पाने उलटून टाकली. हनफी फिकहमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे: ऐपत असलेल्याने आपल्या गरीब महरम नातलगाला पोसायचे, आणि त्याच्या पश्चात आपल्याला जितका वारसा मिळेल त्या प्रमाणात. म्हणजे ज्या शास्त्राने पुतण्याला महजूब केले, त्याच शास्त्राने त्याचा घास चाचांच्या ताटात ठेवला आहे.

तरीही घासाची आणि वाट्याची किंमत एक नाही. घास मिळाला तर लोक त्याला एहसान म्हणतात. ज्या अंगणात बाप राबला त्याच अंगणात मुलाने मान खाली घालून जेवायचे, ही गोष्ट पोटापेक्षा खोल लागते. म्हणून केवळ सद्बुद्धीवर सोडून मला चालत नाही. इजिप्तने १९४६ साली कायदा करून अशा नातवाला बापाइतका वाटा सक्तीची वसियत म्हणून दिला, मात्र एक तृतीयांशाच्या आत. वसियतीचा आधार कुरआनातलाच होता. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात मुलाला सरळ बापाच्या जागी उभे केले. त्यावर उलेमांचा वाद अजून शमलेला नाही. मला इजिप्तची वाट अधिक पटते, कारण तिथे हिस्से मोडलेले नाहीत, दादांनी जे करायला हवे होते तेवढेच कायद्याने केले आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण दादांना कुणी अडवले होते? नातू वारस नसल्यामुळेच त्याच्या नावे वसियत करता येते. आठ एकरांचा एक तृतीयांश अडीच एकरांहून जास्त होतो; दोन एकर त्यात सहज बसतात, वारसांची संमतीही लागत नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. तोंडी वसियतही कायद्याला चालते, फक्त नंतर सिद्ध करणे कठीण जाते. एवढे सोपे असूनही ती होत नाही. वसियत म्हटले की म्हाताऱ्यांना मौत दिसते आणि मुलांना कट दिसतो. जुम्याच्या बयानात रोजा-नमाजाबरोबर वर्षातून एकदा तरी मौलवीसाहेबांनी हा कागद कसा लिहायचा ते सांगितले तर फार बिघडणार नाही.

दादा काही न लिहिता गेले, असेच धरू. फेरफाराची नोटीस लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत मुलाला कायद्याने बोलता येईल असे काही नसते. चाचांना मात्र असते. आपल्या वाट्यातला तुकडा हिबा करून ते पुतण्याच्या ताब्यात देऊ शकतात, आणि फुफीकडून हक्कसोडपत्र न घेता तिचे नाव सातबाऱ्यावर चढू देऊ शकतात.