दोष ढगांचा?



30 सप्टेंबर 2001, रविवार. काँग्रेसचे नेते माधवराव शिंदे कानपूरच्या सभेसाठी दिल्लीहून लहानशा विमानाने निघाले होते. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ, खराब हवामानात, ते विमान कोसळले. शिंदे, त्यांचे सचिव, चार पत्रकार आणि दोन वैमानिक, आठही जण गेले. साताऱ्याच्या कण्हेरखेडहून ग्वाल्हेरला गेलेले हे घराणे. हळहळ महाराष्ट्रातही झाली.

अशा वेळी दोन वाक्ये ठरलेली असतात: 'हवामानाने घात केला' आणि 'देवाची इच्छा'. दुःखात बुडालेल्या घरी आम्ही कोणाचे हे बोलणे खोडत नाही. पण नंतर, शांतपणे विचार करताना, ते पुरत नाही.

ढगाला पाप-पुण्य नसते. गडगडाटी ढग चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत चढतो आणि त्याच्या पोटात वारा वर-खाली घुसळत असतो. लहान विमानाला त्याच्यावरून जाता येत नाही. वळसा घालायचा, मागे फिरायचे, नाहीतर निघायचेच नाही. हा निर्णय माणसाचा. हेतू नसला तरी योग्य काळजी न घेणारा अपघाती मृत्यूच्या दोषातून सुटत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले आहे.

मग दोष वैमानिकावर टाकून मोकळे व्हायचे? तसे करणे फार सोपे आहे. प्रत्येक प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला वाट पाहणारे असतात: मंडप, गर्दी, यजमान. 'वादळात शिरा' असे त्यांच्यापैकी कोणीच म्हणत नाही. ते एवढेच विचारतात, 'किती वाजता पोहोचता?'

शिंदे नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, जानेवारी 1993 मध्ये, इंडियन एअरलाइन्सचे भाड्याचे विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सर्व जण वाचले. मंत्री काही विमान चालवत नव्हते. तरी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला. (आता असे राजीनामे दुर्मीळच!) दुरून घडलेल्या गोष्टीतही आपला वाटा असू शकतो, हे त्यांनी मानले.

आपल्या निफाडच्या थंडीत कुंदेवाडीचा पारा पेपरात येतो, पण पहाटेचे धुके येत नाही. त्या धुक्यात द्राक्षांची गाडी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला आपण दर दहा मिनिटांनी फोन करतो: 'अजून कुठे आहेस?' वाट पाहणाऱ्यांत आम्ही धर्मगुरूही आलोच. म्हणून नाताळच्या रात्री धुके असेल तर ओझर-पिंपळगावकडच्या कुटुंबांनी मोटारसायकलवर लेकरे घेऊन मध्यरात्रीच्या मिस्सेला निघू नये. सकाळी मिस्सा आहेच, आणि तीही नाताळचीच मिस्सा आहे.