नश्वर ते का जपावे?

माजिवड्यास एका सप्ताहात कीर्तन आटोपले, प्रसाद झाला आणि मंडळी पांगू लागली, तेव्हा एक तरुण पुढे आला. घरी पिढ्यान् पिढ्या माळ आहे. नोकरीनिमित्त चार वर्षे हॉलंडात काढून नुकताच परतलेला. पायावर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, मी तिकडे राहत होतो तो रस्ता सगळा विटांचा, आणि फार जुना. वीट दबली की कारागीर येतो, गुडघे टेकतो, वीट उचलून खालची वाळू सारखी करतो आणि तीच वीट पुन्हा बसवतो. आपला देव तर विटेवरच उभा आहे. मग आपण आपल्या जुन्या गल्ल्या अशा का जपत नाही? की सर्व काही नश्वर आहे असे आपण आज कीर्तनात सांगितलेत, तेच याचे उत्तर समजायचे?"

त्याला त्या वेळी थोडक्यात सांगितले. परंतु हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे. गावोगावच्या जुन्या आळ्या, घाट, पार, फरसबंदी यांचे काय करावे, हा प्रश्न आज प्रत्येक गावापुढे आहे. म्हणून त्याचा विस्ताराने विचार करू.

प्रथम पूर्वपक्ष मांडला पाहिजे, आणि तो दुबळा करून मांडू नये. वेदान्त सांगतो की जे जे केले जाते ते ते नाश पावते. वीट म्हणजे मातीचा विकार; नाव आणि आकार तेवढा निराळा, सत्य काय ती माती. छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या पुत्राला हेच शिकवतो. मग एका विकाराला कवटाळून बसणे हा मोह नव्हे काय? त्यापेक्षा तेच द्रव्य अन्नदानास लावावे. दुसरा पक्ष व्यवहाराचा. माजिवडा एके काळचे गाव. आज घोडबंदरचा रस्ता, नाशिकचा रस्ता आणि मुंबईचा पूर्व द्रुतगती मार्ग तेथे एकत्र येतात. वर उड्डाणपूल, बाजूला उंच इमारती, मेट्रोचे खांब. अशा ठिकाणी जुन्या वाटेचे कौतुक कोणी करावे? सिमेंट ओतले की काम संपले, असे लोक म्हणतात, आणि त्यांची अडचण खोटी नाही.

आता यावर सिद्धान्त. अहो, देहसुद्धा नश्वरच ना? म्हणून कोणी वारकरी स्नान सोडतो काय? पायाला काटा बोचला तर "देह मिथ्या आहे" म्हणून तो तसाच ठेवून पंढरीची वाट चालतो काय? काटा काढतो, पाय धुतो आणि पुढे चालतो. देह जपायचा तो देहासाठी नव्हे, त्याच्याकडून वारी घडावी म्हणून. नश्वर वस्तू जपणे हा मोह नव्हे. ती आपल्यासाठीच आहे असे समजणे हा मोह. जपणारा 'माझे' म्हणाला की मोह झाला, आणि 'ठेव' म्हणाला की धर्म झाला. धर्मशास्त्रात निक्षेपाचा, म्हणजे कोणी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेल्या वस्तूचा, स्वतंत्र विचार केला आहे. ठेव राखणाऱ्याने ती खाऊ नये, मोडू नये, मागेल तेव्हा परत द्यावी. गावातली वाट ही अशीच ठेव आहे. ठेवणारे गेले, मागायला येणारे अजून जन्मले नाहीत. मधला काळ आपला. मागणारा समोर नाही म्हणून ठेव बुडविणे हे तर अधिकच वाईट.

आता विटेकडे या. पुंडलिक आईबापांची सेवा करीत असता देव दारी आला. अंगणात चिखल होता असे कथेकरी सांगतात. सेवा सोडून उठता येईना, आणि पाहुण्याचे पाय चिखलात राहावे हेही बरे दिसेना. म्हणून त्याने हाताशी असलेली वीट पुढे टाकली. बाबांनो, नीट विचार केला तर पंढरीची पहिली फरसबंदी ती हीच, एका विटेची! आलेल्याचे पाय चिखलात राहू नयेत, एवढाच तिचा हेतू. ती वीट सोन्याची नव्हती. तिला मोल आले ते दोन गोष्टींमुळे: ज्याने टाकली तो सेवेत होता, आणि ज्याच्यासाठी टाकली तो तिच्यावर उभा राहिला. कोणत्याही रस्त्याचे मोल याच मापाने मोजावे. नुसता जुना आहे म्हणून तो पूज्य नव्हे. परक्याच्या पायांची काळजी कोणीतरी तेथे केली होती, म्हणून पूज्य.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. यज्ञादिक ते इष्ट आणि विहिरी, तळी, देवळे, बागा हे पूर्त, असे कर्माचे दोन भाग त्यांनी केले. आणि मौज अशी की, पडलेली विहीर, तळे किंवा देऊळ जो पुन्हा नीट करतो त्यालाही पूर्ताचे फळ मिळते, असे स्मृतिकारांनी स्पष्ट सांगितले. नवे बांधणाऱ्याच्या नावाचा दगड बसतो. डागडुजी करणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. म्हणूनच शास्त्राला ते मुद्दाम सांगावे लागले असेल. कौटिल्य तर व्यवहाराचा माणूस. गल्लीत केरमाती टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग आणि चिखलपाण्याने वाट तुंबविणाऱ्यास पाव पण दंड त्याने लावला. राजमार्गावर तेच केले तर दुप्पट. आणि आपल्या जवळचे उदाहरण हवे तर गाडगेबाबांचे घ्या. १९५६ साली बाबांनी देह ठेवला, तोवर गावात शिरले की आधी हातात खराटा, मग कीर्तन. दिवसा रस्ता झाडायचा आणि रात्री मनाचा केर काढायचा. दोन्ही एकच काम, असे त्यांनी शब्दावाचून शिकविले.

आता विटेचा रस्ता टिकतो कसा, तेही थोडे समजून घ्यावे. त्यात बोध आहे. हॉलंडात काय किंवा आपल्याकडे बंगालच्या खालच्या प्रदेशात काय, दगड जवळ मिळत नाही, माती विपुल. म्हणून तेथे विटांचे रस्ते झाले. आपल्या सह्याद्रीत काळा दगड मुबलक, म्हणून आपल्या जुन्या पेठांत दगडी फरसबंदी अधिक. पण रीत दोन्हींची सारखीच. खाली दाबून सपाट केलेली वाळू. वर वीट बहुधा आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, म्हणजे भार सोसते. सांध्यांत पुन्हा वाळू. दोन्ही कडांना घट्ट दगड, नाही तर विटा बाजूला सरकतात. मध्ये किंचित उंचवटा आणि कडेला गटार. वीट चांगली भाजलेली हवी. ठोकली की खणखणीत वाजते ती खरी. कच्ची असेल तर ठाण्याच्या एका पावसाळ्यात तिची माती होते. नळ टाकायचा झाला तर विटा उचलाव्या, काम करावे, त्याच विटा पुन्हा बसवाव्या. सांध्यात सिमेंट भरले की ही सोय गेली. पुढच्या वेळी वीट निघत नाही, फुटते. सिमेंटची वाट आपल्याला सांगते, "एकदा केलेस, आता विसर." विटेची वाट सांगते, "रोज बघ." नामस्मरण तरी दुसरे काय सांगते?

येथे कोणी तार्किक विचारील: "बुवा, शंभर वर्षांत एकेक करून सगळ्या विटा बदलल्या, तर जुना रस्ता राहिला कुठे?" याचे उत्तर आपल्या दिंडीत आहे. आपली दिंडी पणजोबांच्या वेळची आहे असे आपण म्हणतो. त्या वेळचा एक तरी वारकरी आज तीत आहे काय? वीणा नवी, टाळ नवे, पाय नवे. तरी दिंडी तीच. कारण चाल तीच, नेम तोच, आणि जाणाऱ्याने आपली जागा येणाऱ्याच्या हाती दिली आहे. वाटेचेही तसेच. एक वीट काढून तिच्या जागी तिच्याच मापाची वीट बसविणारा हात जोवर आहे, तोवर वाट जुनीच. तो हात गेला की मूळच्या सगळ्या विटा शाबूत असूनही ती वाट संपली.

परंतु जपणे म्हणजे सर्वच जपणे नव्हे. २०२४ साली पंढरीच्या मंदिरात जतनाचे काम चालले, तेव्हा मागाहून बसविलेली फरशी काढून मूळ दगड मोकळा करण्यात आला. त्या काळात काही आठवडे चरणस्पर्शही बंद राहिला. म्हणजे राखण्यासाठी काढावेही लागते. मग काय राखावे आणि काय काढावे? चोखोबांकडे पाहा. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा गेले. भिंत रचणारे हात त्यांचे, आणि देवळाची पायरी मात्र त्यांना बंद. आज महाद्वारी त्यांची समाधी आहे. पण त्यांच्या बांधवांना आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत प्राणांतिक उपोषण करावे लागले. जुन्या वाटेबरोबर जुनी बंदीही वारशाने येते. वाट राखावी, बंदी उखडून टाकावी. याच्या उलट ज्याने केले, त्याने दगड राखला आणि देव घालविला.

आणि वीट करणारे आजचे हात? ठाणे, भिवंडी, कल्याण या भागांतल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या आधी परततात. उचल आधी घेतलेली. ती फिटेतो माती मळायची, साच्यात घालायची, वाळवायची, भट्टी लावायची. पोरे बरोबर आली की शाळा सुटते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला; पण गरजेने बांधलेला माणूस नुसत्या कायद्याने सुटत नाही. जुन्या विटेला फूल वाहायचे आणि नवी वीट करणाऱ्याचे पोर शाळेबाहेर ठेवायचे, ही सेवा पांडुरंगाला पोचणार नाही. वीट विकत घेणाऱ्याने एवढे तरी विचारावे: हिच्या करणाराला पुरती मजुरी मिळाली काय?

तिसरी गोष्ट, राहणाऱ्यांची. वाट पाहायला येणारा घटकाभर येतो, राहणारा जन्मभर राहतो. श्रावणात विटेवर शेवाळ धरते. एखाद्या म्हातारीचा पाय घसरून कंबर मोडली, तर त्या पुरातनाचे पुण्य कोणाला? तेव्हा शेवाळ खरवडावे, कडेने धरायला कठडा लावावा, रुग्णवाहिका दारापर्यंत येईल एवढी जागा मोकळी ठेवावी, अवजड गाड्या मात्र बाहेरच थांबवाव्या. आणि विकासाच्या नावाने किंवा जतनाच्या नावाने तेथल्या माणसालाच उठविणे, हे दोन्ही सारखेच अनुचित. २०२२ साली पंढरीत मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरची योजना पुढे आली, तेव्हा तेथल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी विरोध केला. गर्दीत चेंगरणाऱ्या भाविकाचे दुःख खरे, आणि पिढ्यांचे घर जाणाऱ्याचेही खरे. ज्याला निर्णय करायचा त्याने दोघांच्याही दारी बसून ऐकावे. पुंडलिकाने देवाला थांबविले, पण आईबापांना उठविले नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.

तात्पर्य असे की, नश्वर वस्तू जपायची ती तिच्यात राहणाऱ्या अविनाश देवासाठी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आपल्या हातून मोह घडतो आहे की सेवा, याची परीक्षा अगदी सोपी. आपल्या दारापुढची निखळलेली वीट सगळेच बसवितात. शेजाऱ्याच्या दारापुढची आपण बसवितो काय? शेजाऱ्याशी भाषण बंद असेल तरी?

ज्याच्या गावी जुनी वाट आहे, विटांची असो वा दगडाची, त्याने एकादशीला घटकाभर तिच्यासाठी द्यावा असा नेम धरावा. खराटा न्यावा, गटार मोकळे करावे, सैल झालेला दगड सारखा करावा. बरोबर पोरांना न्यावे; हात मळले म्हणजे त्यांना वाट आपली वाटू लागते. आणि मुखी नाम असावे, म्हणजे काम जड जात नाही. कोणाचे पाय कधी त्या वाटेने येतील, हे आपल्याला सांगता येत नाही.

रामकृष्णहरि.