मधे ठेवलेले पुस्तक

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घर आणि धंदा वेगळे काढता येत नाहीत. गणपतीचा कारखाना पुष्कळदा घराला लागूनच असतो, आणि साच्यापासून रंगकामापर्यंतची कामे घरातलीच माणसे वाटून घेतात. अशा घरात बिनसले तर 'चाललो कामावर' म्हणून बाहेर पडायची सोय नसते. उधारीवरून, प्लास्टर की शाडू यावरून दुपारी उडालेला खटका रात्री जेवणाच्या पानावर येऊन बसतो. मग 'किती झाल्या', 'गाडी कधी येणार' एवढेच शब्द उरतात. अबोला धरलेल्या दोघांना पुन्हा बोलते करायचे, तर ज्यात जुने हिशेब अडकलेले नाहीत असा तिसरा विषय मधे लागतो. पुस्तक हा तसा विषय होऊ शकतो, असे मला ठामपणे वाटते. अट एकच: घरात ज्याचे चालते त्याने ते उपदेश म्हणून दुसऱ्याच्या हाती देऊ नये. व्यसनी मुलाला व्यसनमुक्तीचे पुस्तक, उलट बोलणाऱ्या सुनेला संस्कारांचे पुस्तक, ही भेट नव्हे. ती छापील बोलणी आहेत, आणि घेणाऱ्याला ते पहिल्या पानाआधीच कळते.

या अटीचा आधार याच तालुक्यातून निघालेल्या एका घरात सापडतो. विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ सालचा, गागोद्याचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. मुलाने आधुनिक शिक्षण घ्यावे, फ्रेंच शिकावे, ही त्यांची इच्छा. आई रुक्मिणीबाईंना वाटे, त्याने संस्कृत शिकावे. मुलगा यातल्या कुठल्याच आखलेल्या वाटेने जाणार नव्हता. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाला, सुरतेला उतरला आणि काशीला गेला. घराशी असा ताण पडलेल्या या मुलाचे आईशी मात्र एक वेगळे बोलणे झाले होते, ते गीतेवरून. संस्कृत गीता कळत नाही, असे तिने सांगितले, तेव्हा त्याने मराठी गद्य आणून दिले. तिला पद्य हवे होते. मग त्याने वामन पंडितांची गीता आणली. तीही तिला अवघड गेली. याहून सोपे काही मिळत नाही, असे त्याने म्हटल्यावर, मग तूच का करत नाहीस, असे तिने विचारले. मायलेकांत वितुष्ट नव्हते, हे खरे. तरीही या देवघेवीत जे घडले ते बिघडलेल्या घरांनी नीट पाहावे असे आहे. आईने 'मला कळत नाही' हे मुलापाशी मोकळेपणाने कबूल केले. मुलाने 'तुला नाही कळायचे' म्हणून विषय मिटवला नाही. तो दुसरे पुस्तक शोधायला गेला. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या जागा इथे बदलल्या, तरी कोणाचा मान कमी झाला नाही. बाप-लेकांचे, सासू-सुनेचे भांडण बहुतेक वेळा या जागा घट्ट झाल्यामुळेच चिघळत राहते.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. पुस्तकांनी घरे जोडली तशी फोडलीही आहेत. महादेव गोविंद रानड्यांनी पत्नी रमाबाईंना शिकवायला घेतले तेव्हा घरातल्या बायका त्यांना किती टोचून बोलल्या, ते १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण तिथे पुस्तक दोघांपुरतेच होते. बाकीच्या बायकांना त्यात वाटा नव्हता. घरात एकीलाच जे मिळते त्याचा राग तिच्यावरच निघतो. म्हणून पुस्तक कुलूपबंद खोलीतले असू नये, सगळ्यांच्या कानावर पडणारे असावे.

आणि हे आपल्याला नवीन नाही. चातुर्मासात घरोघरी पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणारी सगळी आळी, त्यात अक्षरओळख नसलेली माणसेही. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' १७१२ चा. भावकीच्या वैराची ती कथा बांधावरून भांडणारे भाऊही एका ओसरीवर बसून ऐकत असतील. कोणी कोणाकडे बोट दाखवायचे नाही, तरी दुर्योधनाचा हट्ट ज्याचा त्याला ओळखू यायचा. आता कोण वाचते, सगळे मोबाइलमध्ये, ही तक्रार मला म्हणूनच अर्धी वाटते. हमरापूरच्या कारखान्यात रंगकाम चालते तेव्हा हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान रिकामे असतात. तिथे रोज दहा पाने मोठ्याने वाचायला सवड आणि श्रोते, दोन्ही आहेत. वाचणारा घरातला सर्वांत लहान असावा, आणि पुस्तक त्याच्या आवडीचे. रहस्यकथा असली तरी चालेल. मोठ्यांनी मधेच थांबवून 'म्हणजे काय रे?' असे विचारले, तर अर्धे काम झाले.

दुसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. सातबाऱ्यावरचे नाव, मारहाण, दारू यांवर पुस्तक हा इलाज नाही. तिथे तलाठी, वकील, पोलीस, डॉक्टरच लागतात, आणि मार खाणाऱ्या बाईला 'वाचून दाखव नवऱ्याला' असे सांगणे हा क्रूरपणा आहे. पुस्तकाचे काम ज्या घरात राग आहे पण भीती नाही, तिथले. अशी घरे खूप आहेत.

तिथेही उशीर करून चालत नाही. विनोबांनी 'गीताई' ही मराठी गीता १९३०-३१ मध्ये लिहिली, १९३२ ला ती छापून आली, आणि पुढे लाखो घरांत पोचली. रुक्मिणीबाई १९१८ सालीच गेल्या होत्या. जिने मागितली तिला ती वाचायला मिळाली नाही. तुमच्या घरात कोणी 'हे मला कळत नाही, वाचून सांग' म्हणाले, तर त्याच संध्याकाळी शेजारी बसा.