अमानत भाड्याने देता येते काय?

सार्वजनिक रुग्णालयांची फेररचना हा विषय वरकरणी निव्वळ प्रशासनाचा वाटतो. कोणता विभाग कोठे असावा, रुग्णालय कोणी चालवावे, हे अधिकाऱ्यांनी ठरवावे, असे मानून आपण मोकळे होतो. मुंबई महापालिकेने गोवंडी-मानखुर्द भागातील रुग्णालये खासगी सहभागातून चालविण्याचे ठरविले, तेव्हा २०२५ मध्ये तेथील रहिवाशांनी त्यास विरोध केला. त्या विरोधाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. जे सर्वांचे आहे ते सांभाळणाऱ्याने दुसऱ्याच्या हाती सोपवावे काय? आणि सोपवायचेच तर कोणत्या अटींवर?

हा प्रश्न एका वस्तीपुरता नाही. जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडावीत, असा मसुदा नीती आयोगाने २०२० मध्ये मांडला. त्यात कराराची मुदत ६० वर्षांची होती आणि काही खाटा बाजारभावाने देण्याची तरतूद होती. साठ वर्षे म्हणजे आज जन्मलेले मूल आजोबा होईपर्यंतचा काळ!

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (आयत ५८) अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचविण्याची आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा एकत्रच आली आहे. रुग्णालयाची इमारत जनतेच्या पैशातून उभी राहते. तिचा खरा हक्कदार दारात उभा असलेला रुग्ण होय; शासन केवळ अमानतदार आहे. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानतो. तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये ठरविले.

मग अमानतदाराला ती इतरांकडे सोपविण्यास पूर्ण मज्जाव आहे काय? नाही. वक्फच्या मिळकती भाड्याने देणे फुकहांनी वैध ठरविले आहे. मात्र नंतरच्या हनफी विद्वानांनी घरासाठी एक वर्ष आणि शेतजमिनीसाठी तीन वर्षे अशी मर्यादा घालून दिली. दीर्घकाळ ताबा राहिला की भाडेकरू स्वतःला मालक समजू लागतो आणि लोकही मूळ हेतू विसरतात, हे त्यांनी ओळखले होते. इ.स. १२८४ मध्ये सुलतान कलावूनने कैरोत उभारलेले रुग्णालय श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांसाठी खुले होते. त्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे आणि ते उत्पन्न कशासाठी, हे वक्फनाम्यातच बांधलेले असे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. डॉक्टर नाहीत, यंत्रे बंद आहेत, अशा रुग्णालयाचे नुसते नाव सरकारी राहून गरिबाला काय मिळणार? खासगी व्यवस्थापनाने ते खरोखर चालू होणार असेल, तर अडवावे का? फिक्हमध्येही निरुपयोगी झालेला वक्फ काझीच्या परवानगीने बदलून घेण्याची सोय आहे. म्हणून प्रत्येक बदलाला डोळे मिटून विरोध करणे उचित नव्हे.

परंतु त्याच फिक्हचा दुसरा नियम विसरता येत नाही. अमानतदाराच्या हयगयीने अमानतीचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. छप्पर गळू द्यायचे आणि मग घर मोडकळीस आले म्हणून ते दुसऱ्याला देऊन टाकायचे, हे त्याला शोभत नाही. रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्याने त्याच रिक्त पदांचा दाखला हस्तांतरासाठी द्यावा, हा न्याय नव्हे. एक हानी तशाच दुसऱ्या हानीने दूर करता येत नाही, हाही शरीअतचा सर्वमान्य नियम आहे.

तेव्हा आपल्या गावात वा प्रभागात अशी योजना आली, तर चार गोष्टी विचारा. आज मोफत मिळणारा कोणता उपचार उद्या पैशाने मिळेल? नकार मिळालेल्या रुग्णाने दाद कोठे मागावी? सेवा दूर जाणार असेल, तर रात्री बाळंतिणीला तेथवर कोण नेणार? आणि करार मोडला, तर रुग्णालय जनतेकडे कसे परत येणार? उत्तरे लेखी मागा; माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. मात्र ऐकीव बातमी पडताळल्याविना पुढे पाठवू नका. सूरह अल्-हुजुरातची ही शिकवण न्याय्य लढ्यातही लागू आहे. तुटपुंज्या साधनांत राबणाऱ्या परिचारिकेवर वा डॉक्टरवर राग काढणे हा तर सरळ जुलूम आहे.

ज्यांना खासगी दवाखाना परवडतो, त्यांनीही हा प्रश्न परक्याचा मानू नये. इमाम गझाली यांनी वैद्यकशास्त्राला फर्जे-किफाया म्हटले आहे. समाजातील काहींनी ते कर्तव्य पार पाडले तर सर्व मुक्त होतात. कोणीच पार पाडले नाही तर सर्वच दोषी ठरतात. रुग्णाची विचारपूस करणे आपण सुन्नत मानतो. तो खाटेपर्यंत पोहोचेल याची व्यवस्था पाहणे त्याहून कमी कसे असेल?

अल्लाह आपल्याला अमानत ओळखण्याची आणि तिच्यासाठी न्यायाने उभे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.