वरून ऑर्डर आहे

भांडणाला राग लागतो. आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं, तेव्हा दोन्ही बाजूंना खराखुरा राग आलेला असतो. आवाज चढतात, सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि म्हणूनच ते भांडण संध्याकाळपर्यंत मिटतं. राग ही दुधासारखी नाशवंत वस्तू आहे. सकाळचा रात्रीपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच दोन घरांतून विरजणाच्या वाट्या इकडून तिकडे जायला लागतात.

मग माणसं चार-चार वर्षं युद्ध करतात ती कुठल्या रागावर, हे मला कोडं होतं. मध्यंतरी पहिल्या महायुद्धाविषयी थोडं वाचन झालं आणि कोडं सुटलं. युद्ध रागावर चालतच नाही. ते आमच्या बँकेसारखं चालतं, सह्यांवर.

सुरुवातच बघा ना. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांचा खून झाला. मारेकरी गाव्ह्रिलो प्रिन्सिप, वय वर्षं एकोणीस, जागच्या जागी पकडला गेला. खरं म्हणजे प्रकरण कोर्टात जायचं. पण ते गेलं जामीनदारांकडे! ऑस्ट्रियाने सर्बियाकडे वसुली लावली. सर्बियाचा पाठीराखा रशिया. ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी. रशियाचा करार फ्रान्सशी. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ सालच्या कागदावर ब्रिटनने दिलेली. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि तो पंचाहत्तर वर्षांचा जुना कागद वटवायला आला. पहिलं युद्ध जाहीर झालं २८ जुलैला, ब्रिटन उतरलं ४ ऑगस्टला. सगळा कारभार सात दिवसांत! साधं घरकर्ज मंजूर करायला आम्हाला याहून जास्त दिवस लागतात.

बरं, ही मंडळी एकमेकांना परकी होती म्हणावं, तर तेही नाही. ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज हा जर्मनीच्या कैसर विल्हेल्मचा सख्खा मामेभाऊ. रशियाचा झार निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ, आणि झारची बायको कैसरची मावसबहीण. घरात कार्य निघालं असतं, तर तिघांची नावं एकाच निमंत्रणपत्रिकेवर छापावी लागली असती. युद्ध पेटायच्या आधीच्या दोन-चार दिवसांत कैसर आणि झार एकमेकांना तारा करत होते, त्यासुद्धा 'विली' आणि 'निकी' या लाडक्या नावांनी. भाऊबंदकी आपल्याकडे काही कमी नाही. पण आपल्याकडे भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तेव्हा तारखेला निदान स्वतः जातो.

इथे तारखेला गेले ते दुसरेच. आणि त्यांना मिळाला खंदक. युद्ध म्हटलं की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते; पण तिथलं मुख्य हत्यार होतं फावडं. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची आघाडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीत राहणारी माणसं. पायाखाली चिखल, अंगावर उवा, शिध्यावर उंदीर. पाय दिवसदिवस पाण्यात राहून सडायचे, म्हणून पायांना देवमाशाचं तेल चोळायचा हुकूम. पहाटे आणि तिन्हीसांजेला संगिनी लावून हजेरी, कारण हल्ल्याची ती वेळ. मधले तास पोती भरणं, पाणी उपसणं आणि वाट बघणं. काही दिवस पुढच्या रांगेत, मग मागे, पुन्हा पुढे.

याच खंदकांत दुसरीही एक गोष्ट घडत होती. ज्या भागात मोठी लढाई चालू नसे, तिथे दोन्ही बाजूंच्या शिपायांनी कुणाचीही सही न घेता एक करार करून टाकला होता. न्याहारीच्या वेळी गोळीबार नाही. तोफ डागायची, पण रोज ठरल्या वेळेला आणि ठरल्या जागी, म्हणजे समोरच्याने तेव्हा तिथे नसावं. वरच्या साहेबाला गोळे मोजून दाखवता येत आणि समोरच्याचा जीवही वाचे. हे वाचलं आणि ही माणसं मला एकदम ओळखीची वाटायला लागली. वरचा कागद भरायचा आणि काउंटरपलीकडच्याला जगू द्यायचं, ही तर कारकुनी विद्या!

१९१४ च्या नाताळात याच्याही पुढची गोष्ट झाली. फ्लँडर्समध्ये जर्मनांनी खंदकाच्या कडेवर मेणबत्त्या लावल्या, गाणी म्हटली. मग दोन्हीकडून माणसं मधल्या मोकळ्या जागेत आली. तंबाखू दिली-घेतली, कोटाची बटणं बदलली, मधे पडलेली आपापली प्रेतं पुरली. आपल्या गढवाल रायफल्सच्या समोरही असं घडलं. त्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने शिपायांना भेटीच्या डब्या मिळाल्या. बहुतेक भारतीय शिपायांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाला आला. द्वेष सापडला नाही तो फक्त या मधल्या जागेत. वर्तमानपत्रांत आणि राजधान्यांत तो भरपूर होता. द्वेषाला अंतर लागतं. फार जवळून बघितलं की समोरच्याच्याही कोटाचं बटण तुटलेलं दिसतं. वरच्यांना हे बरोबर कळलं, आणि पुढच्या वर्षी असला प्रकार होऊ नये म्हणून कडक हुकूम निघाले.

मग ते सगळे उठून आपापल्या घरी का गेले नाहीत? हा प्रश्न पंख्याखाली बसून विचारायला सोपा आहे. एक तर जो गेला त्याला स्वतःच्याच लोकांनी गोळी घातली. ब्रिटिश सैन्यात पळून जाणं, भित्रेपणा वगैरे गुन्ह्यांसाठी मारलेल्या ३०६ जणांना २००६ साली माफी मिळाली. उशीर करण्यात सरकारं आमच्याही पुढे आहेत. आणि दुसरं म्हणजे, 'दोघांनीही घरी जावं' हा निवाडा दिसतो तितका सरळ नाही. जर्मन शिपायाचं घर जर्मनीत होतं. बेल्जियन शिपायाचं घर जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. घर बळकावणाऱ्याला आणि घरमालकाला सारखंच 'चला, मिटवा आता' सांगणं, याला न्याय म्हणत नाहीत.

पण मग खडकीचे सॅपर्स? त्यांचं घर कुणी बळकावलं होतं? बळकावलंच असेल, तर ते जर्मनांनी नव्हे. खणणं, पूल बांधणं हे त्यांचं काम. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव-शापेल गावावर त्यांच्या दोन कंपन्यांना पायदळासारखं धाडलं. कॅशियरला बंदूक देऊन दरोडेखोरांवर सोडावं, तसं. ते गेले आणि फार थोडे धड परतले. हिंदी शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये. त्यांना विचारलं असतं, तर उत्तर बहुधा एकच आलं असतं : वरून ऑर्डर आहे.

हे वाक्य मी आठवड्यातून दहादा म्हणतो, म्हणून मला त्याची भीती वाटते. त्या युद्धात राक्षस थोडे होते, कारकून फार. कुणी आगगाड्यांचं वेळापत्रक आखलं, कुणी पावाचा हिशेब ठेवला, कुणी मेलेल्यांच्या घरी जाणाऱ्या तारा लिहिल्या. प्रत्येकाने आपलं टेबल चोख सांभाळलं. जबाबदारी इतक्या खात्यांत वाटली गेली, की कुणाच्याच नावावर पुरता रुपया पडला नाही. पैसे मात्र लाखो माणसांनी मोजले.

ऑर्डर पाळूच नये, असं मी म्हणणार नाही. तसं सगळ्यांनी केलं, तर बँक उघडणार नाही आणि सोसायटीला पाणीही येणार नाही. पण वरून ऑर्डर येते आणि आपला हात हलतो, या दोन्हींच्या मधे वीतभर जागा असते आणि ती आपल्या मालकीची असते. रोज ठरल्या वेळी रिकाम्या जागेवर गोळा टाकणारा तो तोफखान्यातला माणूस त्या जागेत उभा होता. त्याने युद्ध थांबवलं नाही. मोठ्या हल्ल्याच्या दिवशी त्यानेही नीट नेम धरला असेल, आणि ते त्याच्या नावे लागलंच पाहिजे. पण एरवीच्या सकाळी, समोरच्या खंदकात कुणीतरी आपली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कुठल्याही रिपोर्टात ही नोंद सापडायची नाही. तरी माझ्या मते ती जमेच्या बाजूलाच लिहायला हवी.