मडक्याचा तळ आणि मातेचे मन

(शास्त्रपाठ : १ राजे १७:८–१६ व १९:१–८)

सारफथ येथील विधवेची गोष्ट आपल्या मंडळ्यांतून वारंवार सांगितली जाते. मडक्यातील पीठ सरले नाही व कुपीतील तेल आटले नाही, याकडे आपले सर्व लक्ष लागते. आणि ते योग्यच आहे. परंतु संदेष्टा वेशीपाशी आला त्या घटकेस त्या बाईचे मन कसे होते, इकडे आपण क्वचितच पाहतो. ती काटक्या वेचीत होती. उरलेल्या मूठभर पिठाची भाकर करावी, आपण व मुलाने ती खावी आणि मग मरणास सामोरे जावे, एवढाच तिचा बेत होता. तरीही परक्या पुरुषाने पाणी मागताच ती ते आणावयास निघाली, हे ध्यानात घ्या. हातपाय चालत होते, रीतभात सुटली नव्हती. आशा मात्र संपली होती. अशी बाई शेजारीपाजारी राहत असूनही ओळखू येत नाही.

ज्या घरात धान्य पुरत नाही तेथे आई शेवटी जेवते. आधी धनी, मग मुले, मग म्हातारी माणसे; तिच्या वाट्यास खरवड. “मला आज भूक नाही,” असे ती म्हणते व वर तांब्याभर पाणी पिऊन निजते. परंतु झोप कोठली? उद्या काय शिजवावे, वाण्याची उधारी कशी फेडावी, मूल रडले तर काय सांगावे, हा हिशेब रात्रभर चालतो. मेळघाटात व नंदुरबारच्या डोंगरपट्टीत आषाढ-श्रावणात घरातील दाणा संपतो व मजुरीही मिळत नाही. तेव्हा हा हिशेब कधीच जुळत नाही. सरकारच्या २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने पीडित आढळल्या. रक्त कमी झाले की अंग मोडून येते, चीड लवकर येते, मन उदास होते. मग ती लेकरावर हात उगारते आणि मागाहून चुलीपाशी बसून रडते. लोक म्हणतात, बाई आळशी आहे, तुसडी आहे. कोणी बाहेरची बाधा सांगतो. आणि आपल्यातील कित्येक म्हणतात, तिचा विश्वास उणा आहे!

या शेवटल्या बोलण्याविषयी आम्हांस थोडे कठोर बोलावे लागते. १९४४–४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ धट्टेकट्टे तरुण आपखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. युद्धात शस्त्र धरावयाचे नाही अशा मताचे ते होते. त्यांपैकी पुष्कळ जण शांततावादी ख्रिस्ती मंडळ्यांतले. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी उपासमारीने ते चिडखोर व खिन्न झाले. त्यांस अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. आणि त्यांची भूक कोणत्या दिवशी संपणार, हे त्यांस ठाऊक होते! ज्या मातेस तो दिवस ठाऊक नाही, आणि जिच्या पदराशी भुकेले मूल आहे, तिच्या मनाचे काय होत असेल?

आता एलीयाकडेच पाहा. कर्मेलावर विजय मिळविणारा हा देवाचा माणूस पुढे रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवदूत आला, त्याने काय केले? उपदेश केला नाही, दोष दिला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेविले, निजू दिले, आणि पुन्हा उठवून खावयास घातले. होरेबावरील मंद वाणी त्यानंतरची. ज्या क्रमाने परमेश्वराने आपल्या सेवकास सांभाळिले तो क्रम आपण उलटा करितो, व उपाशी बाईस प्रथम धीराचे वचन ऐकवितो.

म्हणून मंडळीच्या वडीलजनांनी घरोघर जाऊन पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास महिन्यास ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील वडील स्त्रीचे नाव असावे, असेही तो कायदा म्हणतो. ज्यांचे नाव गळाले असेल त्यांजबरोबर तहसील कचेरीत जाणे, हीही सेवाच आहे. आदिवासी भागात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. ते घेण्यात कोणी लाज मानू नये. ज्या बहिणीस जीव नकोसा वाटतो तिला एकटी सोडू नका. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. आणि घरधन्यांनो, निदान एक वेळ बायकोस बरोबर जेवावयास बसवा. हे तर कोणत्याही सरकारावाचून होण्यासारखे आहे.

मिझोरामातील ख्रिस्ती भगिनी १९१० पासून दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूस काढितात. आपल्या मंडळ्यांनी पावसाळ्याचे चार महिने तरी हा परिपाठ ठेवावा. ज्वारी असो, नाचणी असो, सोबत डाळही असू द्यावी, कारण शिध्यात बहुधा ती नसते. मात्र हे धान्य उपासनेच्या वेळी नावे वाचून वाटू नये. दोघी वडीलधाऱ्या बायांनी दिवेलागणीस ते पदराखाली न्यावे, चुलीपाशी घटकाभर बसावे, आणि त्या माउलीचे जेवण झाल्याखेरीज उठू नये.