गाडीचा आस आणि पोटरीतली कळ

उन्हाळा सरत आला होता. पांचाल देशात कांपिल्य नगरीजवळ, गंगेकाठच्या रानात आत्रेय ऋषी शिष्यांसह हिंडत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय इथे सुरू होतो. विषय साथीच्या रोगांनी मुलूखच्या मुलूख ओस पडण्याचा. पण पुढे त्यांचा शिष्य अग्निवेश एक अडचणीचा प्रश्न टाकतो. माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते?

ठरलेले असेल तर वैद्याने दुकान बंद करावे हे उघड आहे, आणि तरी हा प्रश्न वैद्यकाच्याच ग्रंथात आला आहे. आत्रेय दैव नाकारत नाहीत. मागच्या जन्मीचे कर्म ते दैव, या जन्मीचे तो पुरुषकार, आणि दोहोंच्या बळाबळावर आयुष्याचे मान अवलंबून, असे ते सांगतात. सगळेच ठरलेले आहे म्हणणाऱ्यांना मात्र त्यांचा सवाल रोखठोक आहे. तसे असेल तर लोक मस्तवाल हत्तीच्या वाटेतून बाजूला का होतात? मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर आपल्या काळाने झिजतो. तोच आस फाजील ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, खीळ निसटल्याने किंवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकालमृत्यू.

रक्तवाहिन्यांच्या आजारांत हा जुना वाद आजही रोज घराघरांत चालतो. फक्त त्याची भाषा वेगळी असते: ‘वय झालं, चालायचंच’, ‘नशिबाचे भोग आहेत’.

पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते, पेटके आल्यासारखे होते. माणूस थांबतो आणि चार-पाच मिनिटांत कळ जाते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येते. वारीत दमलेले पाय असे वागत नाहीत. थकव्याचे दुखणे मुक्कामाला पोहोचल्यावरही रेंगाळते. रक्त कमी पडल्याची कळ मात्र उभे राहताच विरते, आणि विरते म्हणूनच तिची तक्रार कुणी करत नाही. तंबाखू आणि मधुमेह ही तिची नेहमीची कारणे. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांवरही शंका घ्यावी लागते. पुढची पायरी वाईट असते: रात्री झोपेत पाऊल ठणकते, खाटेखाली लोंबकळवले की जरा बरे वाटते, बोटावरची जखम भरत नाही. लिओ बर्गर या डॉक्टरने 1908 साली वर्णन केलेला आजार तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांनाच गाठतो. त्यात तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा असते. नाही सुटली तर एकेक बोट कापावे लागते. पुरुषकाराचे याहून रोकडे उदाहरण आत्रेयांनाही मिळाले नसते.

शिरांचे दुखणे निराळे. दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकांच्या, वाहतूक पोलिसांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते. हे हळूहळू चालते. पण लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. असा पाय तेल लावून चोळत बसू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली की एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, आणि तेव्हा तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

सर्वांत फसवे लक्षण मेंदूचे. जेवताना हातातला घास सुटतो, बोलणे बोबडे होते, एका डोळ्यापुढे पडदा येतो. आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत. घरात म्हणतात, ‘देव पावला.’ खरे तर पक्षाघाताचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असतो. लक्षण ओसरले याचा अर्थ संकट टळले असा घेणे ही श्रद्धा नव्हे, घाई आहे. देवाचे आभार मानायला हरकत नाही. ते रुग्णालयाच्या वाटेवर मानावेत.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. पुरुषकाराचा झेंडा फार उंच धरला की आजारी माणूस आरोपी ठरतो: पथ्य पाळले नसणार, चालला नसणार. निर्व्यसनी, काटक माणसालाही झटका येतो, आणि वाढलेला रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे एकही खूण दाखवत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजल्याशिवाय तो कळतच नाही. आत्रेयांनी दैवाचा वाटा शिल्लक ठेवला तो उगाच नव्हे.

तेव्हा एवढे करावे. कुणाचे तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये. घड्याळ पाहावे आणि 108ला फोन करावा. पक्षाघात गुठळीमुळे असेल तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून रुग्णालयात पहिल्यांदा विचारतात ते हेच, की हा माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता. ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.